दाढीच्या खुर्चीतून दिसणारे दिवे

माझ्या सासऱ्यांनी हौसेने काढलेला पहिला फोटो कचरापेटीचा आहे. तसा त्यांचा बेत नव्हता. वर्षअखेरच्या सुट्ट्यांत आमच्या रस्त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दिव्यांच्या माळा लागतात, त्यांचा फोटो त्यांना काढायचा होता. संध्याकाळी ते दुकानाच्या पायरीवर उभे राहिले, उसना आणलेला कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं. कॅमेऱ्याने फ्लॅश मारला. फ्लॅशचा उजेड जेमतेम समोरच्या कचरापेटीपर्यंत पोचला आणि तिथेच दमला. फोटोत नगरपालिकेची ती पेटी अशी उजळून निघाली आहे की बघणाऱ्याला वाटावं, आज तिचं उद्घाटन आहे. मागे सगळा काळोख. दिवे शोधायलाच बसलं तर दोन-तीन पिवळट ठिपके सापडतात. सासऱ्यांनी हा फोटो फ्रेम करून दुकानात लावला.

का लावला हे कळायचं तर आधी दुकान माहीत हवं. सासऱ्यांचं सलून आहे. दोन खुर्च्या, दोन आरसे, एक बेसिन आणि वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक. दुसऱ्या खुर्चीवरचा कारागीर कधीच सोडून गेला, तेव्हापासून त्या खुर्चीत जुनी वर्तमानपत्रं बसतात. वरच्या मजल्यावर कुणाची तरी मोरी आहे आणि तिची ओल दुकानाच्या भिंतीत, अगदी छताला लागून, उतरलेली आहे. उभ्या माणसाला ती दिसत नाही. पण दाढीला बसलेला माणूस मान मागे टाकतो, आणि मग त्याला दुसरं काही दिसतच नाही. एका गिऱ्हाइकाला त्या डागात बोकड दिसला, दुसऱ्याला स्वतःची थोरली बहीण. सासऱ्यांना हे आवडलं नाही. त्यांनी डागावर कचरापेटी लावली.

पुढच्या वर्षी ओल फ्रेमच्या बाहेर आली, म्हणून आणखी एक फोटो काढणं भाग पडलं. अशी ती रांग सुरू झाली. ओल दरवर्षी थोडी पुढे सरकते आणि तिच्या मागोमाग सुट्ट्यांच्या दिव्यांचा एक फोटो सरकतो. सगळ्या फ्रेमा छताला चिकटून, थोड्या पुढे झुकवलेल्या. त्या फक्त दाढीच्या खुर्चीतूनच नीट दिसतात. केस कापायला येणाऱ्याला हा लाभ नाही.

फ्लॅशचं गुपित त्यांना एका वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरने सांगितलं. तो दाढीला बसला होता, त्याने कचरापेटी बघितली आणि फेसातून हसला. मग म्हणाला, फ्लॅश बंद करा, आभाळ पूर्ण काळं व्हायच्या आत काढा, थोडी निळाई शिल्लक असताना, आणि हात हलू देऊ नका. फ्लॅश नसला की कॅमेरा उजेड गोळा करायला डोळा जरा जास्त वेळ उघडा ठेवतो. तेवढ्यात हात हलला की दिवा रेघ ओढतो.

सासऱ्यांना हे मनापासून पटलं. "दिवे स्वतः पेटलेत ना?" ते गिऱ्हाइकांना सांगत. "मग त्यांच्या तोंडावर आणखी उजेड कशाला मारायचा?" पुढे माझ्या बायकोने, म्हणजे त्यांच्या मुलीने, त्यांना एक छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन दिला. त्या कॅमेऱ्याला स्वतःचं मत होतं. अंधार पडला की तो न विचारता फ्लॅश मारायचा. सासऱ्यांनी सेटिंग वगैरे शोधण्यात वेळ घालवला नाही. वायरला गुंडाळतात ती काळी पट्टी त्यांनी फ्लॅशच्या तोंडावर चिकटवून टाकली.

फोटो काढायची त्यांची रीत ठरलेली होती. पायरीवर उभं राहायचं, पाठ दाराच्या चौकटीला टेकवायची, दोन्ही कोपरं बरगड्यांना घट्ट लावायची, श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, आणि मग बटण. जबड्याखाली वस्तरा फिरवतानाही ते नेमकं हेच करत. त्यांचा श्वास थांबला की गिऱ्हाइकाचाही आपोआप थांबायचा. फोटो असे यायचे की माळेतला दिवा न् दिवा वेगळा मोजून घ्यावा. मागे निळं आभाळ, खाली ओलसर रस्त्यावर उतरलेला उजेड, आणि एका कोपऱ्यात, जुन्या ओळखीने, कचरापेटी.

माझी आणि त्यांची ओळखही त्याच खुर्चीतली. लग्नाची बोलणी चालू होती. ते मला म्हणाले, "बसा, दाढी करतो." मी बसलो. मान मागे गेली, वस्तरा गळ्यावर आला, आणि मग त्यांनी पगार विचारला. मी खरा सांगितला. लग्न ठरलं, आणि तेव्हापासून दर रविवारी माझी दाढी तेच करत आले. मी त्यांना बायकोसारखंच 'दादा' म्हणतो. ते मला 'जावईबापू' म्हणतात, आणि वस्तरा गळ्यावर असतानाही हा मान कधी कमी करत नाहीत.

मी पाणीपुरवठा कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसतो. पाणी आज येणार नाही, उद्याही येणार नाही आणि परवाचं परवा बघू, हे समोरच्याला राग येऊ न देता सांगणं हे माझं काम. यात माझा हात धरणारा कचेरीत कुणी नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही. पुढे याच गोष्टीवरून घरात माझी लाज निघाली, म्हणून सांगतो.

गेल्याच्या गेल्या वर्षीचा फोटो आला तो अळ्यांचा. माळेवरच्या प्रत्येक दिव्याची एक पिवळी अळी झालेली. मी तो पडद्यावर मोठा करून बघितला. सगळ्या अळ्या सारख्या होत्या. एकीला जिथे वळसा, तिथेच दुसरीला वळसा, शेवटची शेपटीसुद्धा एकाच बाजूला. शिवणाचं यंत्र बिघडलं की सगळे टाके सारखेच वाकडे पडतात, तसं. वाऱ्याने तारा हलल्या असत्या तर इकडचा दिवा एकीकडे आणि तिकडचा दुसरीकडे गेला असता. शिवाय वाऱ्याने कचरापेटी हलत नाही, आणि फोटोत कचरापेटीच्या दोन कचरापेट्या झाल्या होत्या.

"वारा होता," सासरे म्हणाले.

"हो, वारा होताच," सासूबाई म्हणाल्या. त्या दिवशी झाडाचं पान हललं नव्हतं.

इथे दुसरा कुणी असता तर त्याने तो फोटो ठेवून दिला असता. पण ओल थांबायला तयार नव्हती आणि सासऱ्यांच्या दुकानात नियम म्हणजे नियम. फोटो फ्रेम झाला आणि रांगेत, सर्वांत शेवटी, खुर्चीच्या बरोब्बर वर लागला. म्हणजे आता गिऱ्हाईक मान मागे टाकणार, सासरे गळ्याला वस्तरा लावणार, आणि गिऱ्हाईक वर बघत पडणार की हा वस्तरा ज्याच्या हातात आहे तो हात कसा चालतो. आपल्या हाताचा पुरावा त्यांनी आपल्याच हाताने, गळा उघडा टाकून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर टांगला होता. आणि त्यांना याचा पत्ता नव्हता.

सगळ्यांत आधी समजलं ते समोरच्या घड्याळवाल्यांना. ते सासऱ्यांचे सर्वांत जुने मित्र, आणि हाताच्या कामातले. एके दिवशी ते फेस लावून मागे झुकले, वर बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि त्यांचा हात नकळत गळ्याशी गेला. ती दाढी त्यांनी पूर्ण करून घेतली. माणूस सज्जन आहे. पण त्यानंतर ते आले तेव्हा म्हणाले, "आज फक्त केस."

"आणि दाढी?"

"ठेवतोय म्हणतो. जरा बदल."

मग औषधवाल्यानेही बदल करायचा ठरवला. मग चपलांच्या दुकानातल्या दोघा भावांनी, आणि बँकेतल्या शिपायाने. वर्षाच्या मध्यावर आमच्या रस्त्यावरून जाणाऱ्या परक्या माणसाला वाटलं असतं, इथे सगळ्यांनी मिळून कसली तरी शपथ घेतली आहे. बोलून दाखवायची कुणाची हिंमत नव्हती आणि दुसऱ्या सलूनमध्ये जायची कुणाची इच्छा नव्हती. मधला मार्ग म्हणून सगळ्यांनी दाढ्या वाढवल्या. चपलावाल्यातल्या धाकट्याला दाढी नीट येतही नाही. हनुवटीवर इकडे थोडी, तिकडे थोडी, पण त्यानेही मन मोठं केलं. मला त्या सगळ्यांचा फार राग यायचा आणि त्याच वेळी मायाही वाटायची.

"हल्ली फॅशन आहे दाढीची," सासरे म्हणाले आणि वस्तऱ्यातलं पातं बदलत बसले.

कात्री आणि मशीन त्यांच्या हातात ठीक चालायची. कात्री आणि कातडी यांच्यामध्ये कंगवा असतो. वस्तरा आणि कातडी यांच्यामध्ये काही नसतं. पण सासऱ्यांच्या लेखी केस कापणं हे नुसतं काम होतं आणि दाढी ही कला. वस्तरा हातात धरूनच त्यांनी मुलगी वाढवली, तिला शिकवलं, जावयाची परीक्षा घेतली. तो हातातून गेला की मागे काय उरतं, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि आम्हाला विचारायचं धाडस नव्हतं.

घरात सासूबाईंना केव्हाचं माहीत होतं. मला ते चहावरून समजलं. आधी त्या सासऱ्यांचा कप काठोकाठ भरायच्या, कारण अर्धा कप ही त्यांना कंजुषी वाटते. आता त्या अर्धाच भरत होत्या. तो संपला की न बोलता पुन्हा अर्धा. बशीत सांडणं बंद झालं होतं. सासऱ्यांनी त्यावर कधी शब्द काढला नाही. त्यांनाही कळलंच असणार.

बायकोने डोळे तपासायच्या निमित्ताने त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाचा कंप आहे, घाबरायचं कारण नाही, गोळ्यांनी थोडा कमी होईल, जाणार मात्र नाही, धारदार हत्यारांची कामं टाळा. सासऱ्यांनी घरी येऊन जाहीर केलं, "डोळे उत्तम आहेत." ते खरंच होतं.

मग प्रश्न उरला, वस्तरा खाली ठेवा हे त्यांना सांगायचं कुणी. सासूबाईंनी हात वर केले. "मी सांगितलं तर ते जेवणार नाहीत." बायको म्हणाली, "मी सांगितलं तर मला रडू येईल." दोघींनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही तर दिवसभर लोकांना नाही म्हणता," बायको म्हणाली. "आणि रविवारी खुर्चीत बसलेलेच असता. सांगून टाका."

ज्या माणसाच्या हातात वस्तरा आहे त्याला, तो आपल्या गळ्यावर टेकलेला असताना, तुमचा हात थरथरतो हे सांगायचं. ही कामगिरी मला देताना त्या दोघींना त्यात काही वावगं वाटलं नाही. मी तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा तोंड उघडलं तर फेस आत गेला. दुसऱ्यांदा शब्द जुळवले, पण बाहेर आलं ते, "दादा, यंदा पाणीकपात होणार." तिसऱ्यांदा मी ठरवून कॅमेऱ्याचा स्टँड विकत घेऊन नेला. म्हटलं, फोटोवरून विषय काढावा. "दादा, यावर कॅमेरा ठेवला की हात हलायचा प्रश्नच नाही."

त्यांनी स्टँडचे तिन्ही पाय उघडून बघितले, बंद केले, परत उघडले. "वस्तू चांगली आहे," ते म्हणाले. "पण स्टँडने काढलेला फोटो स्टँडचा. त्यात माझं काय?" त्या स्टँडवर आता ओले टॉवेल वाळतात.

दाढी वाढवायची पळवाट मीही करून बघितली. तिसऱ्या दिवशी ते घरी आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "जावयानेच दाढी वाढवली तर सासऱ्याने दुकान कुणासाठी उघडायचं?" रविवारी मी जीव मुठीत धरून खुर्चीत होतो. रस्त्यावर गुळगुळीत गालाचा आता मी एकटाच उरलो होतो.

असंच एका रविवारी कापलं. कानाच्या पाळीखाली, फार नाही. मला कळायच्या आधी ते त्यांना कळलं, कारण त्यांचा थांबवलेला श्वास एकदम सुटला. दुकानात रेडिओ चालू होता तो मला अचानक मोठा वाटायला लागला. पांढऱ्या फेसात एक लाल थेंब उतरत गेला आणि आम्ही दोघं आरशात त्याच्याकडे बघत राहिलो.

"मी हललो, दादा," मी घाईघाईने म्हटलं.

त्यांनी तुरटी ओली केली आणि लावली. "नाही," ते म्हणाले. "तुम्ही नाही हललात."

राहिलेली दाढी त्यांनी पूर्ण केली. कशी केली ते मला ठाऊक नाही, मी डोळे मिटून घेतले होते. त्या संध्याकाळी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि भांडी विसळत, माझ्याकडे न बघता सांगितलं, "त्यांनी ठरवलंय. यंदा दिवे लागले की वारा नसलेली संध्याकाळ बघून फोटो काढणार. फ्लॅशशिवाय, नेहमीसारखा, हातात धरून. नीट आला तर वस्तरा चालू. नाही आला तर बंद. मला म्हणाले, कॅमेरा कुणाची भीड ठेवत नाही."

म्हणजे आता सगळं एका फोटोवर येऊन थांबलं होतं. नीट आला तर माझा गळा, शिवाय सगळ्या रस्त्याचे गळे, पुढच्या रविवारपासून पुन्हा त्या वस्तऱ्याखाली. बिघडला तर आम्ही सगळे सुखरूप आणि सासरे संपल्यात जमा. बायकोने मला बजावून ठेवलं, "तुम्ही मध्ये काही करायला जाऊ नका. अळ्या येतील तर येऊ देत. एकदाचं होऊन जाऊ दे." तीही हे बोलताना खिडकीकडे तोंड करून होती.

दिवे लागले. वारा पडलेली संध्याकाळही मिळाली. आभाळात अजून निळं होतं, माळा नुकत्याच पेटल्या होत्या आणि आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानदाराला नेमकं त्याच वेळी दारात काहीतरी काम निघालं होतं. औषधवाला स्वच्छ काच पुन्हा पुसत होता. चपलावाले भाऊ शटर वर करून खाली करत होते. घड्याळवाले सरळ दारात खुर्ची टाकून बसले, दाढी कुरवाळत. सासूबाई आणि बायको दुकानातल्या बाकावर, गिऱ्हाइकांसारख्या.

सासरे पायरीवर उभे राहिले. धुतलेला शर्ट घातला होता. पाठ चौकटीला, कोपरं बरगड्यांना, श्वास अर्धा. कॅमेऱ्यात खुट्ट झालं. त्यांनी पडद्यावर बघितलं आणि फोटो पुसून टाकला. पुन्हा पाठ चौकटीला. पुन्हा खुट्ट. पुन्हा पुसला. आता त्यांनी कोपरं इतकी दाबून धरली होती की शर्टाला चुण्या पडल्या. मी शेजारी उभा होतो, मला पडदा दिसत होता. अळ्या. पुन्हा अळ्या. वर आभाळातली निळाई चालली होती, आणि ती गेली की त्यांच्या हिशेबाने वेळ संपली. कपाळावर घाम आला तो त्यांनी बाहीने पुसला आणि परत कॅमेरा उचलला. कॅमेरा डोळ्यापर्यंत पोचेपर्यंतच थरथरत होता. सगळ्या रस्त्याला दिसत होतं. घड्याळवाल्यांनी मान खाली घातली.

मला ते बघवलं नाही. इतकंच कारण. मी काही विचार केला नाही, गळ्याचा तर नाहीच. मी पुढे होऊन त्यांच्या समोर पाठमोरा उभा राहिलो आणि म्हटलं, "दादा, इथे टेकवा."

मागे बायको "अहो" म्हणाली. ते मी ऐकलं नाही.

मग माझ्या उजव्या खांद्यावर दोन मनगटं टेकली. खांद्यातून तो कंप माझ्या अंगात आला. बारीक, न थांबणारा. वर्षभर मी त्याला गळ्यावर भीत होतो आणि खांद्यावर तो एखाद्या पाखराएवढा वाटला. मी पाय रोवले. श्वास अर्धा सोडला आणि थांबलो. मागे त्यांचाही थांबला. मनगटांचा सगळा भार माझ्यावर आला, मग हळूहळू ती निवली, आणि कानाजवळ खुट्ट झालं.

फोटो स्वच्छ होता. दिवा न् दिवा वेगळा, निळं आभाळ, आणि एकच कचरापेटी. घड्याळवाले उठून आले, बघितलं आणि "वा" म्हणाले. चपलावाले आले, औषधवाला आला, सगळ्यांनी मनापासून तारीफ केली आणि सगळ्यांचे चेहरे पडलेले होते. बायको माझ्याकडे असं बघत होती की जणू तिने गॅसवर दूध ठेवून मला लक्ष ठेवायला सांगितलं होतं. सासऱ्यांनी फोटो बराच वेळ बघितला, मग माझा खांदा बघितला, आणि आत जाऊन कॅमेरा पुसून ठेवला.

सासऱ्यांच्या घरी चहा झाला. सासूबाईंनी त्यांचा कप काठोकाठ भरला, त्याच्याकडे बघितलं, आणि अर्धा परत पातेल्यात ओतला.

"आता रविवारी काय करणार आहात?" घरी जाताना बायकोने विचारलं.

"बसणार," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

रविवारी गेलो. नवा फोटो रांगेच्या शेवटी लागलेला होता. मी खुर्चीत बसलो, मान मागे टाकली आणि वर बघत राहिलो. शेजारी शेजारी दोन फोटो, एक अळ्यांचा आणि एक दिव्यांचा. सासऱ्यांनी गळ्याभोवती टॉवेल खोचला, ब्रश फिरवून फेस केला आणि लावला. फेस मात्र पूर्वीपेक्षा छान व्हायला लागला आहे, त्याला हाताचा कंप मानवतो. मग त्यांनी वस्तऱ्यात नवं पातं घातलं. मी डोळे मिटून घेतले.

काहीच झालं नाही. डोळे उघडले तर त्यांनी खुर्चीची पाठ सरळ केली होती, आणि वस्तरा माझ्यासमोर धरला होता. मूठ माझ्याकडे करून.

"धरा," ते म्हणाले.

"मी?"

"फोटो फार छान आलाय, जावईबापू. इतका चांगला मलाही कधी जमला नव्हता." ते वर फोटोकडे बघत होते. "पण तो तुमच्या खांद्याने काढलाय. स्टँडचा फोटो स्टँडचा, हे मीच म्हणालो होतो ना? धरा. आता घट्ट नका धरू, पेन धरता तसा. कोपर बरगडीला. श्वास अर्धा सोडायचा."

मी वस्तरा धरला. समोर भिंतीवर हातभर लांबीचा आरसा स्क्रूने घट्ट बसवलेला आहे, सगळं दुकान त्यात दिसतं. पण सासरे त्याच्या आणि माझ्या मधोमध येऊन उभे राहिले. मानेमागचे केस दाखवायचा छोटा आरसा त्यांनी घेतला आणि दोन्ही हातांनी माझ्या चेहऱ्यासमोर धरला.

"दिसतंय नीट?" त्यांनी विचारलं.

आरशात माझा चेहरा हलत होता. गाल डावीकडे जायचा, परत यायचा. "दिसतंय," मी म्हटलं.

मी त्या हलत्या चेहऱ्यामागोमाग वस्तरा नेत राहिलो. ते सांगत होते, मी करत होतो. वरून खाली, केसाच्या दिशेने, कातडी ताणून. उजवा गाल झाला. हनुवटीखाली वळताना आरसा जरा जास्त हलला, आणि कापलं.

त्यांनी आरसा खाली ठेवला, तुरटी ओली केली आणि नीट दाबून लावली.

"हललात तुम्ही," ते म्हणाले.

"हो, दादा," मी म्हटलं. "मीच हललो."

त्यांनी मान डोलावली, आरसा उचलला आणि पुन्हा दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला. डावा गाल अजून राहिला होता.